फॅरनहाइटचे गाव कोणते?

घरात कोणाला ताप आला, की आई कपाटातून थर्मामीटर काढते. थोड्या वेळाने ती म्हणते, "शंभराच्या वर गेलाय. आज शाळा नाही." हे शंभर म्हणजे शंभर अंश फॅरनहाइट. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान या मापाप्रमाणे सुमारे ९८.६ अंश असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

पण हा फॅरनहाइट कोण? डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट हा शास्त्रज्ञ १६८६ साली जन्मला. काचेच्या नळीत पारा भरून त्याने अचूक तापमापक तयार केले. आयुष्यातील बरीच वर्षे तो हॉलंडमध्ये राहिला आणि १७३६ साली हेग येथे वारला. इथपर्यंत कोणाचेच भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढच्या प्रश्नापाशी. तो जन्मला कोठे?

बाल्टिक समुद्राच्या काठी एक जुने, श्रीमंत बंदर आहे. तेथे तो जन्मला. आज ते पोलंडमध्ये आहे आणि पोलिश लोक त्याला ग्दान्स्क म्हणतात. जर्मन भाषेत त्याच शहराचे नाव डान्झिग. फॅरनहाइट जन्मला तेव्हा हे शहर पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होते. पण तेथील बहुसंख्य नागरिक मात्र जर्मन बोलत. मग कोशात काय छापायचे? 'डान्झिग येथे जन्म', की 'ग्दान्स्क येथे जन्म'?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून कसले भांडण! पण १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसरे महायुद्ध पेटले ते याच शहराच्या बंदरावरील तोफांच्या माऱ्याने. युद्ध संपल्यावर तेथील बहुतेक जर्मन लोकांना घरेदारे सोडून जावे लागले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हे सारे सोसले, त्यांच्यासाठी हे नाव म्हणजे केवळ नकाशावरचा ठिपका नव्हे. म्हणूनच इंग्रजी विकिपीडियाच्या पहिल्या काही वर्षांत या शहराच्या नावावरून मोठे रण माजले. एकाने 'डान्झिग' लिहावे, दुसऱ्याने ते खोडून 'ग्दान्स्क' करावे, आणि पहिल्याने ते पुन्हा बदलावे!

हे भांडण कसे मिटले? आणि मिटवले कोणी? भांडणारे एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. त्यांना कोणी पगार देत नव्हते. 'गप्प बसा' म्हणायला गुरुजी नव्हते. तरीही ते मिटले. कसे, ते आज आपण पाहू.

मुख्य संपादक नसलेला कोश

कोश म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर जाडजूड खंड येतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२०च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड पुरे केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे 'मराठी विश्वकोश' तयार होऊ लागला आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अशा कोशांत लेख लिहिणारे त्या त्या विषयाचे जाणकार असतात. दोघा जाणकारांचे जमले नाही, तर संपादक निर्णय देतो. छापील पानावर शेवटचा शब्द त्याचा असतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघा अमेरिकनांनी तो सुरू केला. त्याआधी, २००० साली, त्यांनी 'न्यूपीडिया' नावाचा कोश हाती घेतला होता. त्यात प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या तपासणीच्या अनेक पायऱ्या चढून जाई, आणि त्यामुळे काम फारच मंद चाले. म्हणून जोडीला एक मोकळे अंगण उघडले. येथे कोणीही यावे, लिहावे आणि दुसऱ्याचे लिहिलेले सुधारावे. त्या अंगणाचाच पुढे वाडा झाला! आज तीनशेहून अधिक भाषांत विकिपीडिया आहे. इंग्रजीतील लेखच सत्तर लाखांच्या आसपास पोहोचले आहेत. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ या दिवशी, म्हणजे महाराष्ट्रदिनी झाला.

या कोशाला मुख्य संपादक नाही. लिहिणारे सगळे स्वयंसेवक. त्यांत प्राध्यापक असतात, गृहिणी असतात, निवृत्त कारकून असतात, आणि तुमच्याएवढी मुलेही असतात. मग येथे गोंधळ कसा माजत नाही?

खोडणे सोपे, बिघडवणे महाग

याचे पहिले कारण यंत्रात दडलेले आहे. 'विकी' ही युक्ती वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाची. १९९५ साली त्याने अशी पाने तयार केली, की वाचणाऱ्याला ती तेथल्या तेथे बदलता यावीत. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे लवकर, झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरील 'विकी विकी' बसगाडीवरून त्याला हे नाव सुचले.

विकीच्या पानावर कोणी काहीही बदलले, तरी आधीचे पान नष्ट होत नाही. प्रत्येक आवृत्ती जपून ठेवली जाते. पानाच्या माथ्यावरील 'इतिहास' या शब्दावर बोट ठेवले, की कोणी, केव्हा, काय बदलले याची यादी समोर येते. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून त्यांतील फरक पाहता येतो, आणि जुनी आवृत्ती एका क्षणात परत आणता येते.

याचा परिणाम काय होतो, ते नीट ध्यानात घ्या. शाळेच्या भिंतीवर कोळशाने काही खरडायला एक मिनिट लागते. ती भिंत स्वच्छ करायला गड्याला तास लागतो. म्हणून भिंती घाण राहतात. विकीवर हे गणित उलटे आहे. पान बिघडवायला चार-पाच मिनिटे लागली, तरी ते पूर्ववत करायला काही सेकंद पुरतात. शिवाय अनेक संपादक आपल्या आवडीच्या पानांवर पहारा ठेवतात. त्या पानात बदल झाला, की त्यांना तो आपल्या यादीत दिसतो. ठरावीक प्रकारची खोडसाळ संपादने तर संगणकाचे आज्ञाधारक कार्यक्रमच उलटवून टाकतात. अशा कार्यक्रमांना मराठी विकिपीडियावर मोठे गोड नाव आहे, 'सांगकाम्या'!

खोडसाळपणावर ही मात्रा लागू पडते. पण दोन्ही बाजू प्रामाणिक असतील तर? तेव्हा हीच सोय अडचण होऊन बसते. तुमचे मी खोडायचे, माझे तुम्ही खोडायचे. दोघांनाही श्रम नाहीत. याला 'संपादनयुद्ध' म्हणतात. म्हणून इंग्रजी विकिपीडियाने २००४ साली एक नियम केला. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे लिखाण कोणी उलटवू नये. जो उलटवील त्याला काही काळ संपादन करण्यास बंदी. या नियमात 'तुमचे बरोबर असेल तर चालेल' अशी सवलत नाही. कारण भांडणारा प्रत्येकजण आपलेच बरोबर समजत असतो!

चर्चेचे पान

हात थांबले, की तोंड उघडावे लागते. त्यासाठी प्रत्येक लेखामागे एक दुसरे पान जोडलेले असते. त्याचे नाव 'चर्चा'. नाण्याच्या दोन बाजू असतात तसे. एका बाजूला लेख, दुसऱ्या बाजूला त्याविषयीची बोलणी. वाचक सहसा पहिलीच बाजू पाहतात.

अनुभवी संपादक एक साधा क्रम पाळतात. चूक दिसली, तर धीटपणे दुरुस्त करा. तुमची दुरुस्ती कोणी उलटवली, तर ती पुन्हा लादू नका. चर्चेच्या पानावर जा आणि आपले कारण लिहा. आता समोरच्यानेही कारण द्यावे अशी अपेक्षा असते.

पण कारण म्हणजे काय? 'मला ठाऊक आहे' हे कारण येथे चालत नाही. कोशाचे तीन मूळ नियम आहेत. पहिला नियम तटस्थतेचा. मतभेद असेल तेथे लेखाने स्वतः बाजू घेऊ नये. कोणाचे मत काय, ते सांगावे. दुसरा नियम पडताळ्याचा. जे लिहिले ते कोणत्या विश्वसनीय पुस्तकात वा नियतकालिकात आहे, ते दाखवता आले पाहिजे. तिसरा नियम असा, की स्वतःचे नवे संशोधन येथे मांडायचे नाही.

समजा, दोन मुले वाद घालीत आहेत. एक म्हणतो, "अमुक खेळाडू जगात सर्वश्रेष्ठ." दुसरा म्हणतो, "छे, तमुक!" हा वाद शाळा सुटेपर्यंत चालेल आणि उद्या पुन्हा सुरू होईल. आता वाक्य बदला. 'अमुक खेळाडूने इतक्या सामन्यांत इतक्या धावा केल्या; अमुक समीक्षकाने त्याला सर्वश्रेष्ठ म्हटले आहे.' या वाक्यावर दोघेही सही करू शकतात. कोणी आपले मत सोडलेले नाही. फक्त प्रश्न बदलला. 'कोण श्रेष्ठ?' याऐवजी 'कोणी काय म्हटले, आणि ते कोठे छापले आहे?' असा तो झाला.

येथे एक धोका आहे, तोही ओळखून ठेवा. तटस्थता म्हणजे प्रत्येक गोष्टीला निम्मे-निम्मे माप नव्हे. पृथ्वी सपाट आहे असे म्हणणारे लोक आजही सापडतात. म्हणून पृथ्वीवरील लेखात अर्धे पान गोल पृथ्वीला आणि अर्धे सपाट पृथ्वीला द्यायचे काय? नाही. विश्वसनीय ग्रंथांत ज्या मताला जेवढे वजन, तेवढेच कोशात.

डान्झिग की ग्दान्स्क?

आता आपल्या बंदराकडे वळू. ग्रंथ धुंडाळून हा प्रश्न सुटला असता, तर बरे झाले असते. पण ग्रंथांत दोन्ही नावे होती! चर्चेची पाने भरली, तरी एकमत होईना. विकिपीडियावर सहसा डोकी मोजून निर्णय करीत नाहीत. कारणांचे वजन पाहतात. पण येथे दुसरा उपाय उरला नाही, आणि २००५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मतदान घेण्यात आले.

त्या मतदानाची आखणी पाहण्यासारखी होती. 'डान्झिग की ग्दान्स्क?' असा एकच प्रश्न विचारला असता, तर एक बाजू जिंकली असती, दुसरी हरली असती आणि युद्ध चालूच राहिले असते. त्याऐवजी शहराच्या इतिहासाचे कालखंड पाडले. १३०८ साली ट्यूटॉनिक सरदारांनी हे शहर घेतले. १४५४ साली ते पोलंडच्या राजाकडे आले. १७९३ साली प्रशियाकडे गेले. १९४५ साली पुन्हा पोलंडकडे आले. प्रत्येक कालखंडासाठी वेगळे मत घेतले.

निकाल असा लागला. १३०८ पूर्वीच्या काळाविषयी लिहिताना ग्दान्स्क. १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना डान्झिग. १९४५ नंतर ग्दान्स्क. शिवाय, ज्या गावांचा इतिहास जर्मनी आणि पोलंड या दोघांचा आहे, त्यांचे नाव लेखात प्रथम येईल तेव्हा दुसरे नावही सोबत द्यावे.

म्हणजे आपल्या फॅरनहाइटचे गाव कोणते? तो १६८६ सालचा; म्हणून 'डान्झिग, आजचे ग्दान्स्क'. या उत्तरात दोन्ही बाजूंना आपला शब्द दिसतो. आणि वाचकालाही आधीपेक्षा जास्त कळते, की या शहराला दोन नावे आहेत आणि त्याने अनेक राजवटी पाहिल्या आहेत.

प्रत्येकजण खूष झाला असे मुळीच नाही. पण 'शहराचे खरे नाव कोणते?' या न सुटणाऱ्या प्रश्नाचे 'आपण कोणत्या सालाविषयी बोलत आहोत?' अशा सुटणाऱ्या प्रश्नात रूपांतर झाले. गणितात अवघड राशीचे अवयव पाडतात ना, तसेच हे.

रसायनशास्त्रातील देवघेव

दुसरे उदाहरण तुमच्या प्रयोगशाळेतले. इंग्रज माणूस 'ॲल्युमिनियम' म्हणतो आणि अमेरिकन माणूस 'ॲल्युमिनम'. दोघांच्या स्पेलिंगात एका 'आय'चा फरक. गंधकाचेही तसेच. 'सल्फर' लिहिताना इंग्रज 'पीएच' ही दोन अक्षरे लिहीत आला, तर अमेरिकन नुसते 'एफ' लिहितो. कोशात कोणाचे चालवायचे?

येथे संपादकांनी तिसऱ्याचा आधार घेतला. शुद्ध आणि उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने मूलद्रव्यांची प्रमाण नावे ठरवून दिली आहेत. त्यांत ॲल्युमिनियमचे रूप इंग्रजांचे आहे, तर सल्फरचे रूप अमेरिकनांचे, 'एफ'वाले. इंग्रजी विकिपीडियाने नियम केला, की रसायनशास्त्राच्या लेखांत हीच रूपे वापरायची. मग लेख लिहिणारा लंडनचा असो की शिकागोचा. प्रत्येकाला एक मिळाले, प्रत्येकाने एक सोडले. दोघांनाही मान्य असेल असा बाहेरचा निकष आधी शोधायचा आणि मग त्याचा निकाल न आवडला तरी मानायचा, ही रीत शास्त्रज्ञांचीच आहे.

तीन दारे आणि पंच

कधी कधी चर्चाही थकते. त्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. वाद दोघांतच असेल, तर कोणा तिसऱ्याचे मत मागवता येते. ते पुरले नाही, तर सर्व संपादकांना आवाहन करून मते मागवतात. ही चर्चा बहुधा महिनाभर उघडी असते. अगदी शेवटी इंग्रजी विकिपीडियावर लवाद समिती आहे. ती २००४ सालापासून काम करीत आहे आणि तिचे सभासद संपादकांनी निवडलेले असतात.

या समितीपुढे २०११ साली चक्क गणिताचे एक कोडे आले! ते कोडे असे. तीन बंद दारे आहेत. एकामागे मोटार आहे, उरलेल्या दोहोंमागे बोकड. तुम्ही पहिले दार निवडता. यजमानाला आतले ठाऊक आहे. तो उरलेल्यांपैकी बोकड असलेले एक दार, समजा तिसरे, उघडून दाखवतो आणि विचारतो, "निवड बदलायची आहे का?" तुम्ही काय कराल?

बहुतेकांना वाटते, की आता दोन दारे उरली, तेव्हा संधी निम्मी-निम्मी. तसे नाही. पहिली निवड बरोबर असण्याची शक्यता एक तृतीयांश होती. ती तेवढीच राहते. म्हणून निवड बदलली, तर जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश होते. १९९० साली मॅरिलिन व्होस सॅव्हंट या लेखिकेने 'परेड' या अमेरिकन साप्ताहिकात हे उत्तर दिले, तेव्हा तिला सुमारे दहा हजार पत्रे आली. तिचे चुकले असे ठासून सांगणाऱ्यांत गणिताचे प्राध्यापकही होते!

विकिपीडियावरील भांडण मात्र उत्तरावरून नव्हते. ते होते स्पष्टीकरणावरून. एक गट म्हणे, की वर दिलेले सोपे स्पष्टीकरण पुरेसे आहे. दुसरा गट म्हणे, की ते अपुरे आहे. यजमान दार कसे निवडतो हेही पाहिले पाहिजे. या दुसऱ्या गटाचे म्हणणे पोकळ नव्हते. समजा, यजमानाला तिसरे दारच आवडते आणि शक्य असेल तेव्हा तो तेच उघडतो. मग मोटार पहिल्या दारामागे असो वा दुसऱ्या, तो तिसरेच उघडणार. अशा वेळी तिसरे दार उघडलेले पाहून तुमची संधी खरोखरच निम्मी-निम्मी होते. कागदावर मांडून पाहा, पटेल. दोन्ही गटांमागे छापील ग्रंथ होते आणि दोन्हीकडे गणित जाणणारे लोक होते. वाद वर्षानुवर्षे चालला.

मग लवाद समितीने कोणते स्पष्टीकरण बरोबर ठरवले? कोणतेच नाही! ही समिती लेखातील मजकुराचा निर्णय देतच नाही. ती फक्त वागणूक तपासते. कोण इतरांना बोलू देत नव्हते, कोणी व्यक्तिगत शेरे मारले, कोण तीच ती गोष्ट उगाळीत बसले, एवढेच ती पाहते. मजकुराचा निर्णय पुन्हा संपादकांनीच चर्चेच्या पानावर करायचा असतो. पंच खेळाचे नियम पाळायला लावतो. धावा खेळाडूंनाच काढाव्या लागतात.

तोंडओळख नाही, कामाची ओळख

आता तुमच्या मनात आले असेल, की एकमेकांना न पाहिलेली ही माणसे एकमेकांवर विश्वास तरी कसा ठेवतात?

ओळख होते ती कामातून. प्रत्येक सदस्याचे एक नाव असते; ते खरे असावे अशी सक्ती नाही. त्या नावाने केलेले प्रत्येक संपादन कोणालाही पाहता येते. एखादा सदस्य पाच वर्षे फुलपाखरांवर लिहीत आहे, त्याची संदर्भांची पुस्तके कोणती, चूक दाखवली तर तो रागावतो की आभार मानतो, हे सारे दिसते. शेजाऱ्याबद्दलही आपल्याला इतके ठाऊक नसते!

प्रत्येक सदस्याला स्वतःचे एक पान असते. त्यावर तो आपल्या आवडीचे विषय आणि येत असलेल्या भाषा लिहितो. शेजारीच त्याच्याशी बोलण्याचे पान असते. नवा माणूस आला, की जुने लोक तेथे स्वागताचे चार शब्द लिहितात. मराठी विकिपीडियावर नवशिक्याने हात बसवण्यासाठी एक पान आहे. त्याचे नाव 'धूळपाटी'. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत, त्याची ही आठवण. आणि सर्वांच्या सामाईक बोलण्याच्या पानाचे नाव आहे 'चावडी'. गावची माणसे जमून बोलतात, ती जागा.

चांगल्या कामाबद्दल कोणीही कोणालाही ताऱ्याचे चित्र असलेले शाबासकीचे पदक देऊ शकतो. अमेरिकेत धान्याच्या कोठारांवर धातूचे तारे लावण्याची पद्धत आहे. त्यावरून ही प्रथा २००३ साली विकिपीडियावर आली. पदकाची किंमत शून्य. पण कोणीतरी आपले काम पाहिले, याचे समाधान मोठे. आणि ज्यांना प्रत्यक्ष भेटावेसे वाटते, त्यांच्यासाठी मेळावे भरतात. जगभरच्या विकिपीडियनांचा पहिला मेळावा २००५च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे भरला. भारतातील भाषांच्या संपादकांची परिषद २०११च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विद्यापीठात झाली.

या साऱ्याच्या मुळाशी एक सूत्र आहे. समोरचा चुकला असेल, पण तो वाईट हेतूने आला आहे असे उगाच गृहीत धरायचे नाही. टीका करायची ती लिखाणावर, लिहिणाऱ्यावर नाही.

भांडण मोजता येते?

शास्त्रज्ञांना सगळेच मोजावेसे वाटते. हंगेरीतील यानोश केर्तेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली विकिपीडियावरील भांडणे मोजण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. दोन संपादकांनी एकमेकांचे लिखाण उलटवले असेल, तर त्या जोडीची नोंद घ्यायची. त्या दोघांपैकी ज्याने त्या लेखात कमी संपादने केली असतील, त्याचा आकडा त्या जोडीच्या भांडणाचे वजन म्हणून धरायचा.

कमी आकडाच का? विचार करा. एकाची ८०० आणि दुसऱ्याची ५०० संपादने असतील, तर वजन ५०० होते. हे दोघा मुरलेल्यांचे खरे भांडण. पण एखादा खोडसाळ मुलगा दोनदाच येऊन गेला आणि मुरलेल्या संपादकाने त्याला परतवले, तर वजन फक्त २. अशा रीतीने खोडसाळपणा आपोआप गाळला जातो. सर्व जोड्यांची वजने मिळवून, भांडणाऱ्यांच्या संख्येने गुणले, की लेखाच्या वादाचे माप मिळते.

या मोजणीतून काय दिसले? इंग्रजी विकिपीडियावर खरोखर पेटलेले वाद शेकडा एकाहूनही कमी लेखांत आहेत. त्यांतीलही बरेचसे काही काळाने निवतात. थोडेच वाद असे, की नवे लोक येतात आणि राख पुन्हा धुमसू लागते.

भांडणच नसेल तर?

मग वादच होऊ नयेत, हे सर्वांत बरे नाही का? नाही! क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर काय झाले ते ऐका. तेथे २०११ ते २०२० या काळात एकाच विचाराच्या थोड्या सदस्यांनी व्यवस्थापनाचे अधिकार हाती ठेवले. वेगळे मत मांडणाऱ्यांना ते बंदी घालून बाहेर काढीत. नियम तेच होते, चर्चेची पानेही तीच होती. पण विरोध करणारा उरला नाही, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातील अत्याचारांविषयीचे लेख एकांगी आणि विपर्यस्त झाले. विकिमीडिया फाउंडेशन या मूळ संस्थेने चौकशी करून २०२१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या पानांवर आपल्या शाळेचा गृहपाठ करणारी मुले किती असतील, याची कल्पना करा. पान शांत होते. पण ती शांतता खोटी होती.

याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ साली असे दाखवले, की ज्या लेखांवर परस्परविरोधी राजकीय मतांच्या लोकांनी एकत्र काम केले, त्यांचा दर्जा एकाच मताच्या लोकांनी लिहिलेल्या लेखांपेक्षा चांगला निघाला. त्यांच्या चर्चा लांबत; पण त्या विषयाला धरून असत. आपला विरोधक आपली चूक पकडणार हे माहीत असले, की माणूस पुरावा नीट शोधतो. गणिताची वही शेजाऱ्याने तपासायची असली, की आपण उदाहरण पुन्हा एकदा करून पाहतो, तसेच.

म्हणून विकिपीडियावरचा एखादा लेख वाचताना नुसते त्यातील वाक्य पाहू नका. त्याच्या खाली आधार दिला आहे का, आणि त्याच्या मागे कोणी प्रश्न विचारणारा होता का, हेही पाहा.

करून पाहा

१. विकिपीडियावर तुमच्या गावाचा किंवा जिल्ह्याचा लेख उघडा. आधी लेख वाचा, मग 'इतिहास' आणि 'चर्चा' ही पाने पाहा. किती जणांनी तो लिहिला? काही वाद झाला आहे का? तो कशाने मिटला?

२. वर्गात एखाद्या वादग्रस्त विषयावर दोघांनी मिळून दहा ओळींचा एक परिच्छेद लिहा. विषयाची दोन्ही मते तुम्हां दोघांत वाटून घ्या. अट एकच. प्रत्येक वाक्य दोघांनाही मान्य असले पाहिजे, आणि प्रत्येक वाक्याला पुस्तकाचा आधार असला पाहिजे. शिक्षकांनी पंच व्हावे. पण त्यांनी फक्त वागणूक पाहावी, मजकुरात बोलू नये. बोलण्याचा मोह फार होईल!

३. स्वतः संपादन करायचे झाल्यास आधी धूळपाटीवर सराव करा. सदस्य म्हणून टोपणनाव घ्या. आपले खरे नाव, शाळा, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक तेथे लिहू नका. पहिले संपादन लहान करा. एखादी शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करा, किंवा निराधार वाक्याला पुस्तकाचा आधार जोडा.

तुमचे संपादन कोणी उलटवले, तर रागावू नका. चर्चेच्या पानावर जा आणि विचारा, "आपले कारण काय?" उत्तर येईल, तेव्हा ते पुरते वाचा. कदाचित तुमचे बरोबर निघेल, कदाचित त्यांचे. आणि कदाचित फॅरनहाइटच्या गावाप्रमाणे असेही निघेल, की दोघेही वेगवेगळ्या सालाविषयी बोलत होतात.